बी.कॉम.चे पहिले वर्ष



गेल्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. विहारात वंदना झाली, खीरदान झाले, सतरंज्या गुंडाळायला पोरे पुढे आली, तेव्हा आमच्या वाडीतले एक भाऊ आमच्याजवळ येऊन बसले. मिरकरवाडा बंदरावर मासळी उतरवण्याचे काम करतात. घरची माउली हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला जाते. मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, "दादा, पोरगी सांगते, आता एका वर्षाचंबी सर्टिफिकेट मिळतं. मंग बास झालं ना वो? सर्टिफिकेट घेऊन एखाद्या दुकानात लागली तर घराला हातभार."

आम्ही स्वतः बी.कॉम. झालेले, कचेरीत कारकुनी करणारे आणि वाडीत कुणाचाही फॉर्म भरायला पुढे होणारे. उत्तर जिभेवर असायला हवे होते. पण क्षणभर शब्द फुटेना. कारण हेच बोलणे आम्ही आमच्या घरी ऐकले होते, 1998 सालच्या पावसाळ्यात.

आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर गावी परतले ते कायमचे. आम्ही बारावी कॉमर्स पास झालो आणि एफ.वाय.ला नाव घातले. कॉमर्सच का, हे आम्हाला धड ठाऊक नव्हते. मुंबईच्या मामांनी सांगितले, बँकेत लागशील. बस्स. त्या वेळी मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम वार्षिक होता. अकाउंटन्सी, कॉमर्स, अर्थशास्त्र, गणित-संख्याशास्त्र, बिझनेस कम्युनिकेशन, पर्यावरण, फाउंडेशन कोर्स अशी विषयांची रांग. बारावीपर्यंत आम्ही नावे-जमा, रोजकीर्द, खातेवही, तेरीजपत्रक हे शब्द शिकलो होतो. इथे सगळे इंग्रजीत. सर फळ्यावर भराभर आकडे मांडत आणि आम्ही ते जसेच्या तसे वहीत उतरवत असू. कशाचे काय, पत्ता नाही. निकालात अकाउंटन्सी गेली.

एक विषय गेला म्हणजे नापास, नापास म्हणजे वर्ष गेले, एवढेच आमच्या घराला ठाऊक. वडील म्हणाले, "बास झालं, कामाला लाग." आम्हीही मान खाली घातली. दोन महिन्यांनी कळले की आम्हाला ए.टी.के.टी. लागू होती. म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देण्याच्या अटीवर पुढच्या वर्गात बसता येत होते. सूचना फलकावर लागली होती म्हणे, पण इंग्रजीत, आणि निकालाच्या दिवसानंतर आम्ही तोंड लपवून कॉलेजकडे फिरकलोच नव्हतो. प्रवेशाची मुदत टळून गेली होती. वाचकहो, आमचे ते वर्ष अकाउंटन्सीने नाही खाल्ले. नियम माहीत नव्हता, आणि विचारायची लाज वाटली, म्हणून ते गेले.

त्या रिकाम्या वर्षात आमच्या मंडळाचे चिटणीस, निवृत्त शिक्षक होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू, त्यांनी आम्हाला बोलावले आणि मंडळाची वर्गणीची वही व पावतीपुस्तके पुढ्यात टाकली. म्हणाले, "हे लिही. कॉलेजात जे जमलं नाही ते इथं जमतं का बघू." घरटी वर्गणी, मुंबईकर मंडळींनी पाठवलेला विहाराचा बांधकाम निधी, जयंतीचा खर्च, सिमेंटवाल्याची उधारी. गुरुजींनी एकच प्रश्न विचारला. "विहारासाठी आलेले पैसे आणि जयंतीसाठी आलेले पैसे एकाच रकान्यात लिहिलेस, तर उद्या विहार बांधायला काय उरलं हे कसं सांगशील?" भांडवली जमा आणि महसुली जमा हा पुस्तकातला पाठ त्या दिवशी डोक्यात शिरला. सिमेंटवाल्याचे देणे वहीत का दिसले पाहिजे, हेही कळले. पुढच्या परीक्षेत अकाउंटन्सी सुटली. रखडत का होईना, 2001 साली पदवी हाती आली.

आता त्या भाऊंच्या प्रश्नाकडे येऊ. प्रश्न त्यांनी हवेतून काढलेला नव्हता. नवीन शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने 20 एप्रिल 2023 रोजी निर्णय काढला आणि 2024-25 पासून विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पहिल्या वर्षापासून ही रचना लागू झाली. वर्षाची दोन सत्रे, आणि सारे मोजमाप क्रेडिटमध्ये, म्हणजे श्रेयांकांत. वर्गातल्या पंधरा तासांच्या शिकवणीला एक क्रेडिट, असा ढोबळ हिशोब. एका सत्राला 20 ते 22 क्रेडिट. एक वर्ष झाले की प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, आणि चौथे वर्ष केले तर ऑनर्स. पदवीला निदान 120 क्रेडिट लागतात.

विषयांची नावे ऐकून पालक गांगरतात, म्हणून थोडे सांगतो. एक मुख्य विषय असतो. महाविद्यालयानुसार कुठे लेखाशास्त्र, कुठे वाणिज्य. त्याला जोडून दुय्यम विषय. शिवाय दुसऱ्या शाखेतला एखादा खुला विषय, व्यवसाय-कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. पुढे क्षेत्र प्रकल्प, समाजात जाऊन करायचे काम, आणि तिसऱ्या वर्षी एखाद्या कार्यालयात वा आस्थापनेत प्रत्यक्ष काम. हे शेवटचे आम्हाला फार मोलाचे वाटते. ज्यांच्या घरात कुणी कधी ऑफिस आतून पाहिलेले नाही, त्या मुलांना खुर्चीवर बसून काम करायची सवय तिथेच होणार. पण ते येते सहाव्या सत्रात. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलेल्याच्या वाट्याला ते येतच नाही.

एका वर्षाच्या प्रमाणपत्रासाठीही पहिल्या वर्षाचे 40 ते 44 क्रेडिट पूर्ण लागतात, आणि त्यावर आणखी 4 क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यास किंवा इंटर्नशिप. नुसते वर्ष बसून काढले म्हणून कुणी कागद देत नाही. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि सात वर्षांच्या आत पदवी पुरी करता येते, अशी सोय धोरणात आहे. सोय चांगली आहे, आम्ही नाव ठेवत नाही. पण परत कोण येते? ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत नाही तो. आमच्या वाडीतून कॉलेज सोडून कामाला लागलेला मुलगा परत वर्गात जाऊन बसलेला आम्ही अजून पाहिलेला नाही. आणि बँकेतील कारकुनाची परीक्षा घ्या, लोकसेवा आयोगाची लिपिकाची घ्या, अर्जात विचारतात ती पदवी. सी.ए.चा मार्ग धरायचा तर बी.कॉम.ला 55 टक्के मिळवणाऱ्याला फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी करता येते. तेही पदवीनंतरच.

प्रवेशाचे फार अवघड नाही. बारावी उत्तीर्ण हवे, आणि साध्या बी.कॉम.ला सी.ई.टी. नाही. आपल्या रत्नागिरीत गोगटे-जोगळेकरसारखे जुने महाविद्यालय आहे. त्यातले जोगळेकर हे नाव वाणिज्य महाविद्यालयाचेच. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी तेवढी आधी करावी लागते, तिची मुदत आमच्या लोकांची हमखास चुकते. नोकरी करून शिकायचे तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण 1971 पासून आहे.

खरी अडचण पैशाची, आणि त्याहून पैशाच्या वेळेची. जून-जुलैत मासेमारी बंद. बंदरावर काम नाही, आंबा संपलेला, आणि नेमकी तेव्हाच फी भरायची. वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटीवर. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे, तिला गुणांची अट आहे. पण शिष्यवृत्तीची रक्कम आता विद्यार्थ्याच्या खात्यात येते, आणि त्यातली फी विद्यार्थ्यानेच महाविद्यालयात भरायची असते. आमच्या माहितीतल्या एका घरात ते पैसे पावसाआधी छपराच्या पत्र्यांना गेले. गळके छप्पर आम्हीही पाहिले आहे, आम्ही त्यांना दोष कोणत्या तोंडाने देणार? पण पुढे फी थकली, आणि मुलगा परीक्षेला बसला नाही.

जातवैधतेचेही जाता जाता सांगून ठेवतो. आज प्रवेशाला नाही तरी पुढे राखीव जागेवरच्या नोकरीला ती लागणारच, आणि पुरावा मागतात तो 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा. धर्मांतर झाले 1956 ला. तेव्हा आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा जुना उतारा आजच काढून ठेवा. नोकरीचा कॉल आल्यावर गावोगावच्या शाळा पालथ्या घालणारे आम्ही पुष्कळ पाहिले.

कुणी म्हणेल, कॉमर्स हे शेटजींचे शास्त्र, आपल्याला काय त्याचे? बाबासाहेब 1918 ते 1920 या काळात मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 चा. आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1953 मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू केले. कला-विज्ञानाचे सिद्धार्थ आधीच चालू असताना वेगळे वाणिज्य महाविद्यालय काढावेसे त्यांना का वाटले असेल, याचा विचार आम्ही आमच्या विहाराच्या हिशोबाची फाईल उघडली की करतो. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी आहे, दरवर्षी हिशोब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यायचे असतात, आणि वाडीत ताळेबंद लिहिणारा माणूस शोधावा लागतो. भाषण करणारे मात्र दहा.

हे सारे आम्ही त्या भाऊंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि म्हणाले, "तुम्हीच बोला पोरीशी."

पुढच्या रविवारी मुलगी आली. आम्ही सर्टिफिकेटचा विषय काढला. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत राहिली. मग म्हणाली, "काका, पहिल्या सेमिस्टरला माझा अकाउंट्स राहिलाय. घरी सांगितलं नाही." म्हणजे प्रमाणपत्राची गोष्ट तिने बापाला सांगितली ती नापास झाल्याचे लपवायला. आणि तो विषय सुटल्याशिवाय पहिल्या वर्षाचे क्रेडिट पुरे होत नाहीत, म्हणजे ते प्रमाणपत्रही तिला मिळणार नव्हते. कॉलेज सुटले असते आणि हातात कागदाचा चिटोराही आला नसता.

आम्ही तिला आमची 1998 ची गोष्ट सांगितली. तिला ती खोटी वाटली असावी, कारण तिने गुणपत्रिका दाखवा म्हटले. घरी जाऊन जुन्या ट्रंकेतून काढून आणली. तो लाल रेघेचा आकडा तिने बोटाने चाचपून पाहिला. बापाला तिच्या समोर आम्ही काही सांगितले नाही. ते तिनेच सांगावे असे ठरले, आणि तिने सांगितले. भाऊ दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन विचारले, "के.टी.ची फी किती पडते वो?"

आता दर रविवारी वंदनेनंतर ती मंडळाची वही घेऊन बसते. या वर्षीच्या जयंतीच्या जमाखर्चात तिने आमचीच एक चूक काढली. मंडपवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम आम्ही दोनदा लिहिली होती. के.टी.चा फॉर्म भरायची शेवटची तारीख तिने विहारातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवली आहे, सगळ्यांना दिसेल अशी.