त्या फिल्मवरची बोटे

"हाडांना जात नसते," असे आमच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितले होते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पाटलाची बरगडी आणि महाराची बरगडी एक्स-रेवर सारखीच दिसते, हे माझ्यासारख्याला ऐकायला गोडच वाटणार. पुढची चार वर्षे, म्हणजे तीन वर्षांचा बीपीएमटीचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप, मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात काढली. सर हाडांबद्दल खरेच बोलत होते. पण एक्स-रे नुसत्या हाडांनी निघत नाही. कुणाला तरी रुग्ण स्ट्रेचरवरून टेबलावर उचलून घ्यावा लागतो, कुणाला तरी रडणारे लेकरू दाबून धरावे लागते. ते कुणी करायचे हे ठरवताना हाडे कोण बघतो? आडनाव बघतात.

गावाकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात. आई ऊसतोडीला जायची. टोळीतल्या बायकांना ती सांगायची, "पोरगा दवाखान्यात फोटो काढायचं शिकतोय", आणि त्यांना वाटायचे लग्नातले फोटो. नीटचे मार्क एमबीबीएसला पुरले नाहीत, म्हणून मी इकडे आलो. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली. शिष्यवृत्ती यायची, पण वर्ष संपता संपता. ही रड सगळ्यांना माहीत आहे, ती इथे उगाळत नाही.

काम मात्र मनापासून आवडले. छातीचा साधा पीए व्ह्यू घ्या. रुग्णाची छाती प्लेटला टेकवून किरण पाठीकडून सोडायचे, कारण हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असते. ते प्लेटजवळ राहिले की सावली फुगत नाही. ट्यूब १८० सेंटिमीटरवर. हात कमरेवर, कोपरे पुढे, म्हणजे खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात. मग श्वास भरून रोखून धरायला सांगायचे. मागच्या बाजूच्या दहा बरगड्या मोजता आल्या की समजायचे श्वास नीट भरला होता. वीटभट्टीवरचा माणूस, खडी केंद्रावरचा माणूस, विडी वळणारी बाई, क्षयाच्या तपासणीला आलेला नगरपालिकेचा सफाई कामगार, सगळे त्या प्लेटला छाती लावून उभे राहतात. त्यांनी आयुष्यभर काय श्वासात घेतले ते तुमच्यासमोर येते.

हे सगळे पुस्तकात होते. माणसांशी बोलायचे कसे, ते मात्र मला मामांनी शिकवले. सरकारी दवाखान्यात चतुर्थ श्रेणीच्या माणसाला मामा म्हणतात आणि बाईला मावशी. त्यांची नावे कुणी विचारत नाही. आमचे मामा वीस-बावीस वर्षे त्याच विभागात होते. आधी रोजंदारीवर, नंतर ठेकेदाराचे. "श्वास रोखा" म्हटले की म्हातारी नुसती बघत राहायची. मामा म्हणायचे, "माय, छाती फुगव आन् गप ऱ्हा." झाले काम. मोडलेल्या खुब्याखाली कॅसेट कशी सरकवायची, गळ्यातले डोरले, ताईत काढायला बाईला कसे सांगायचे, हे त्यांच्याकडून घेतले. एकदा एका बाईने बाबासाहेबांचे लॉकेट काढायला नकार दिला. मी नियम सांगत बसलो. मामांनी लॉकेट फक्त मागे पाठीवर सरकवायला सांगितले. अर्थातच ते फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यासारखे आले आणि फिल्म परत काढावी लागली. मामांचेही सगळेच बरोबर नसायचे.

आता मुद्द्यावर येतो. विकिरणाच्या कामासाठी देशात कायदा आहे. तेव्हा अणुऊर्जा कायदा १९६२ चा होता, त्याखालचे विकिरण संरक्षण नियम २००४ चे, आणि देखरेखीला १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. या कामात असलेल्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता कामा नये. सामान्य माणसासाठी मर्यादा १ ची. हे मोजण्यासाठी छातीवर टीएलडी बॅज लावतात. आत औषधाच्या गोळीसारख्या तीन छोट्या चकत्या असतात. त्या किरणांची ऊर्जा साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की तेवढा प्रकाश देतात. दर तीन महिन्यांनी बॅज वाचायला जातो आणि तुमच्या नावापुढे आकडा येतो. लेकरू धरायची वेळ आलीच तर घरातल्या मोठ्या माणसाने, शिशाचा ॲप्रन घालून धरावे. विभागातल्या कुणीही हे काम रोजचे करू नये. दारावर तक्ताही होता, मराठीत, चित्रासकट.

आमच्या विभागात बॅज तंत्रज्ञांना होते आणि डॉक्टरांना होते. आम्ही विद्यार्थी बॅजशिवाय. मामांचा तर प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या वर्षी आमच्या तुकडीत सहाजण होतो. कन्सोलवर बसून सीटी शिकायला कुणाला पाठवायचे आणि रात्री पोर्टेबल मशीन ढकलत वॉर्डावॉर्डातून कुणाला फिरवायचे, हे वरिष्ठ ठरवायचे. सुरुवातीला माझ्या डोक्यात काही आले नाही. एकदा ड्युटी रजिस्टर चाळले. एका महिन्याच्या ३० पोर्टेबल रात्रींपैकी १९ माझ्या आणि एका बंजारा मित्राच्या नावावर. उरलेल्या ११ चौघांत. मी विचारले तर उत्तर मिळाले, "तुम्ही दणकट पोरं आहात. त्यांना जागरण झेपत नाही." कुणीही जातीचे नाव घेतले नाही. घेणारही नाही, आता सगळे शहाणे झालेत. पहिल्या दिवशी मात्र प्रत्येकाला विचारले होते: आडनाव काय, गाव कुठले, आणि माझे आडनाव गावाच्या नावावरून पडलेले असल्याने अंदाज येईना, तेव्हा तिसरा प्रश्न, "कुठल्या कोट्यातून?"

काहीजण म्हणतील, मनुष्यबळच कमी आहे, यात जात कुठे आली? मनुष्यबळ कमी आहे हे मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, तो खड्डा मीच भरून काढत होतो. पण तुटवडा सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला असता तर रजिस्टरमध्ये प्रत्येकाच्या नावापुढे पाच रात्री दिसल्या असत्या. कामाची वाटणी करताना काम करणाऱ्या माणसांचीच प्रतवारी लावायची, ही जातीची रीत बाबासाहेबांनी १९३६ सालीच उघडी केली होती. ती मशीन बदलल्याने जात नाही.

तर ती रात्र. आठ महिन्यांचे लेकरू, न्यूमोनियाचा संशय, श्वास नुसता धापा टाकत. आई कडेवर घेऊन आलेली, बाप गावाकडे. आईला पुन्हा दिवस गेलेले, म्हणून तिला खोलीबाहेर उभे केले, ते बरोबरच होते. विभागात दोन ॲप्रन. एक सीटीच्या खोलीत कुलपात. दुसरा घडी घालून ठेवून ठेवून मधोमध तडकलेला. शिशाच्या ॲप्रनची घडी कधी घालू नये, तो स्टँडला टांगावा, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. हातमोजे नव्हतेच. वरिष्ठ म्हणाले, "धर रे." मी तडकलेला ॲप्रन घातला, लेकराचे दोन्ही हात वर करून डोक्याच्या दोन्ही बाजूंनी घट्ट धरले. लेकराने किंकाळी फोडली, म्हणजे श्वास भरला गेला, नेमका तेव्हाच एक्स्पोजर.

फिल्म आली. फुफ्फुसांच्या वरच्या टोकाशी, दोन्ही बाजूंना, माझी बोटे. तीन डावीकडे, दोन उजवीकडे, पेरासकट. वरिष्ठ चिडले. मला वाटले, माझा हात थेट किरणांत होता म्हणून. ते म्हणाले, "बोटं कशाला आणलीस मध्ये? फिल्म वाया गेली. रिपीट कर." मी पुन्हा धरले. लेकरालाही दुसऱ्यांदा डोस मिळाला.

वाया गेलेली फिल्म मी फेकली नाही. अजून माझ्याकडे आहे.

विल्हेल्म राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण शोधले आणि डिसेंबरात बायकोच्या हाताचा एक्स-रे काढला. बोटातल्या अंगठीसकट तो हात प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या धड्यात असतो. दुसरा एक हात आम्हाला कुणी शिकवला नाही. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचा काच फुंकणारा मदतनीस होता. ट्यूब नीट चालते का हे बघायला तो स्वतःचा हात किरणांत धरायचा. कातडी सडत गेली, दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ साली तो वारला. एडिसनने मग या किरणांचे काम सोडून दिले. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात विद्यापीठातून लिलावात विकलेल्या यंत्रातला कोबाल्ट-६० फुटला, तेव्हा भाजले कोण? भंगार कामगार. एकजण मेला. यंत्र ज्या प्रयोगशाळेत होते तिथले कुणी नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या दोन एक्स्पोजरने माझे काही बिघडले नसते. छातीच्या एका एक्स-रेचा डोस मिलिसीव्हर्टच्या शंभराव्या हिश्शात मोजावा इतका लहान असतो. विनाकारण भीती पसरवणे हा आपला धंदा नाही. क्ष-किरणांना घाबरून क्षयाची तपासणी टाळणारे आपल्याच वस्त्यांत जास्त आहेत. माझी तक्रार मोजणीबद्दल आहे. ज्याच्या छातीवर बॅज नाही, त्याचा डोस सरकारदरबारी शून्य धरला जातो. देशात सर्व जातींच्या मोजणीचे शेवटचे जाहीर आकडे १९३१ सालचे, आणि तेव्हापासून आपल्याला सांगितले जाते की आकडाच नाही तर तक्रार कसली. विभागात मी तेच वाक्य ऐकले, शब्दही फारसे वेगळे नव्हते: "तुला जास्त डोस मिळाला याचा पुरावा काय?"

मी अर्ज लिहिला. विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याच्या नावाने, नियमांचा उल्लेख करून. सहापैकी तिघांनी सह्या केल्या. बाकीच्यांना अंतर्गत गुणांची भीती होती, त्यांना मी दोष देत नाही. अर्ज पाच महिने फिरला. मधल्या काळात मला 'नेता' हे नाव पडले. शेवटी विद्यार्थ्यांना बॅज आले. माझ्या बॅजचा पहिला अहवाल आला तेव्हा आकडा अगदीच नगण्य निघाला. वरिष्ठ हसले. मीही हसलो. आकडा आला होता.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला अवघड आहे. बॅज आल्यानंतर साधारण महिन्याने, पावसाळ्यातली रात्र, पुन्हा एक लेकरू. माझ्या छातीवर नवा कोरा बॅज. मी कन्सोलकडे निघालो आणि माझ्याच तोंडून निघाले, "मामा, जरा धरा." मामांनी धरले. त्यांनी ॲप्रनही मागितला नाही. मी बटण दाबले.

श्रेणीबद्ध विषमता हा शब्द मी शेकडो भाषणांत ऐकला होता, दोन-चार ठिकाणी स्वतः वापरलाही होता. प्रत्येकाला खाली कुणीतरी सापडतो, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत, हे मी पोरांना समजावून सांगायचो. त्या रात्री ते मला कुणी समजावून सांगण्याची गरज राहिली नाही. माझ्या अर्जात मामांचे नाव नव्हते. मला ते सुचलेच नव्हते.

दुसरा अर्ज मामांसाठी केला. उत्तर आले: सदर कर्मचारी बाह्यस्रोताद्वारे पुरवलेला असून रुग्णालयाच्या आस्थापनेवर नाही, तसेच विकिरणाचे काम त्याच्या कामाच्या स्वरूपात येत नाही. कागदाच्या हिशेबाने खरेच आहे. कागदावर मामा फक्त स्ट्रेचर ढकलत होते. ठेकेदाराकडे गेलो तर तो म्हणाला, बॅज म्हणजे ओळखपत्र का, ते दिलंय की.

इंटर्नशिप संपवून मी बाहेर पडलो. आता दुसऱ्या जिल्ह्यात कंत्राटी तंत्रज्ञ आहे. इथे दोन ॲप्रन आहेत, दोन्ही टांगलेले. लेकराच्या बापाला ॲप्रन मी स्वतः घालून देतो, मागचे पट्टे बांधतो, हात कुठे ठेवायचे ते दाखवतो. त्यात दोन मिनिटे जातात आणि बाहेर रांग ओरडते.

मागच्या दिवाळीत मामांकडे गेलो होतो. ठेका बदलला तेव्हा नव्या ठेकेदाराने वय बघून त्यांना कमी केले. चहा झाला. मी ती फिल्म सोबत नेली होती. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ बघितली आणि विचारले, "ही बोटं तुझी व्हय?" मी हो म्हणालो. मग म्हणाले, "माझा आकडा किती आला आसता रे?"

मी वही काढली. महिन्याला किती लेकरं धरायचात, किती अंतरावर उभे असायचात, ॲप्रन कधी असायचा, असे विचारत गेलो. असे मागे जाऊन गणित जमत नाही हे मला माहीत होते, तरी विचारत गेलो. मामा आठवून आठवून सांगत होते. उन्हाळ्यात कमी. पावसाळ्यात जास्त, पावसाळ्यात धापा टाकणारी लेकरं लई यायची.