औलीचा बर्फ आणि औलीचं गवत



उत्तराखंडातल्या औलीला मी पाच महिन्यांत दोनदा जाऊन आले. जानेवारीत लेकीच्या हट्टासाठी आणि मे अखेरीस सासूबाईंना बद्रीनाथच्या आपल्या अष्टापद स्थानाचं दर्शन घडवताना.

आधी शिदोरीचं सांगते, कारण तुम्ही तेच विचारणार. हिवाळ्यात पिठाची मर्यादा सात दिवसांची, म्हणून पाणी न लावता भाजक्या पिठाचे लाडू केले. सांगलीहून दिल्ली, हरिद्वार करत जोशीमठला पोचेपर्यंत चार दिवस गेले, तरी लाडू चालले. उन्हाळ्यात पाचच दिवस, म्हणून तांदूळ, मूगडाळ आणि छोटा कुकर बरोबर घेतला. पाणी गाळायचं फडकं दोन्ही वेळा होतंच.

जोशीमठात 2023 च्या जानेवारीत जमीन खचली, घरांना तडे गेले, तेव्हा तिथला रोपवे बंद झाला. म्हणून वर गाडीनेच निघालो. चाकांना साखळ्या बांधलेल्या, तरी पुढची गाडी बर्फात आडवी झाली आणि आम्ही अडकलो. हिवाळ्यात तिथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि डोंगराआड तर त्याच्याही आधी जातो. मुक्कामी पोचलो तेव्हा मिट्ट काळोख. लेक आठ वर्षांची. घाटात उलट्या करून तिचं पोट रिकामं. लाडू नको म्हणाली, गरम भात हवा म्हणून रडायला लागली. स्वयंपाक्याने बिचाऱ्याने वेगळ्या भांड्यात कांदा-लसणाशिवाय खिचडी टाकली. रात्री आठ वाजता मी ती तिला माझ्या हाताने भरवली. मी स्वतः पाणीही घेतलं नाही. पण घरी फोनवर सांगितलं, "वेळेत पोचलो, जेवलो."

सकाळी नंदादेवी लख्ख समोर. भाड्याने मिळालेले हातमोजे चामड्याचे निघाले, ते परत करून लोकरीचे घातले. तासाभरात ओलेगच्च झाले. तुम्ही जाल तर रेक्झिनचे घरूनच न्या. लेक दोनदा पडली, तिसऱ्यांदा घसरत खालपर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "आई, बर्फ म्हणजे जलकायिक जीव ना गं?" पाठशाळेत शिकलेलं नेमकं तिथे आठवलं! मी म्हटलं, हो. मग तीच म्हणाली, "अजून एकदाच." खरं सांगते, मी नाही म्हणू शकले नाही.

मे महिन्यात बद्रीनाथहून परतताना पुन्हा वर गेलो. बर्फाचा मागमूस नव्हता. तोच उतार हिरवागार, त्यात बारीक पिवळी फुलं, मेंढ्या चरत होत्या, आणि खुर्च्यांच्या पाळण्याचे खांब गवतात उघडे उभे. लेक म्हणाली, "आता वनस्पतीकायिक!" सासूबाई गवतावर पाऊल टाकेनात. रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि तिथूनच डोळे भरून पाहत राहिल्या.

मी शेजारी बसले. का कोण जाणे, तिथेच तोंडून निघालं. "आई, जानेवारीत मी हिला इथे रात्री जेवू घातलं. तुम्हाला खोटं सांगितलं."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता यात्राभर अबोला.

"पोरीला नियम कुणी दिला होता?" त्या म्हणाल्या. "नियम तुझा होता, तो तू पाळलास. पण पाच महिने माझ्यापासून लपवलंस, ते गं का?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावलेच असते," त्या म्हणाल्या. "आताही रागावलेच आहे."

मग पिशवीतून बेदाण्यांची पुडी काढली, डोळ्यांवर हात धरून सूर्य किती वर आहे ते पाहिलं आणि लेकीला हाक मारली. "ये गं, गवतातून धावू नकोस, वाटेवरून ये. अजून तासभर आहे, खाऊन घ्या दोघी."