आधी चौकी की आधी तळ?

माझा धाकटा भाऊ कुवेतला असतो. दोन वर्षांतून एकदा येतो, ४० दिवसांसाठी. मागच्या उन्हाळ्यात आला तेव्हा खजूर, अत्तर आणि दूध पावडरच्या डब्यांच्या मध्ये तळहाताएवढी एक डबी होती. पत्त्यांची.

आमच्या घरात तोवर पत्ता आला नव्हता. अब्बा होते तेव्हा गणपतीत समोरच्या पडवीत रमी रंगायची आणि आम्हाला तिकडे पाहायचीही बंदी. अम्मीने डबी पाहिली, हातातली तसबीह थांबवली.

"याला पैसे लागतात?"

"नाही अम्मी. जहाजं आहेत, आकाशातली. मुलांचा खेळ आहे."

अम्मीने एक पत्ता हातात घेतला, चश्मा वर करून उलटसुलट पाहिला. पिवळ्या गोलातला आकडा दिसल्यावर म्हणाली, "हे नाणंच आहे." मग तो माल घ्यायचा आकडा, खरा पैसा नव्हे, हे समजावण्यात चहा थंड झाला. शेवटी तिने एवढीच अट घातली की मगरिबच्या आत उचलून ठेवायचे.

डबी आणली होती माझ्या भाच्यासाठी. वय १२. बापाशी त्याचं बोलणं फोनवर रोज होतं, पण फोन खाली ठेवता येतो. समोर बसलेला माणूस ठेवता येत नाही. पहिला आठवडा तर सायकल घेऊन बाहेर जायचं असलं तरी तो मलाच विचारायचा. भाऊ शेजारीच बसलेला असायचा. खेळ आणण्यामागचं कारण मला तेव्हाच कळलं होतं.

खेळाचं नाव 'स्टार रिअल्म्स'. २०१४ साली बाजारात आला. रॉब डॉहर्टी आणि डार्विन कॅसल या दोघांनी तो रचला आणि दोघेही 'मॅजिक' या जुन्या पत्त्यांच्या खेळातले नावाजलेले खेळाडू. प्रत्येकाकडे सुरुवातीला ५० 'अधिकार' असतात, ते शून्यावर आले की हरलात. सुरुवातीच्या गड्डीत १० किरकोळ पत्ते: ८ स्काउट, जे फक्त खरेदीला उपयोगी, आणि २ व्हायपर, जे एक-एक आकड्याचा मारा करतात. मधोमध पाच पत्ते उघडे मांडलेले असतात. त्यातली जहाजं आणि तळ विकत घेत आपली गड्डी वाढवायची आणि समोरच्याचे अधिकार उतरवत जायचं. ऐकायला सोपं आहे. मीही चार दिवसांत शिकले.

भांडण झालं ते लढाईच्या नियमांवरून. होणारच होतं, कारण सगळी गुंतागुंत तिथेच आहे. तळ दोन प्रकारचे. साधा तळ समोर असला तरी त्याला बाजूला टाकून थेट खेळाडूवर मारा करता येतो. दुसरा प्रकार म्हणजे चौकी. ती उभी आहे तोवर मारा आधी तिच्यावरच करावा लागतो. शिवाय मारा साठवता येत नाही. पाच ताकदीच्या चौकीवर आज तीन मारले आणि उरलेले दोन उद्या मारीन, असं चालत नाही. एकाच पाळीत पाच पुरे झाले तर चौकी पडते, नाहीतर तुमचे तीन वाया आणि चौकी तशीच्या तशी. भाऊ पहिल्या दिवशी असा उद्याचा हिशेब मांडायला लागला तेव्हा भाच्याने त्याला पुस्तिकेतलं पान दाखवलं होतं.

सुट्टी संपायला दोन दिवस होते. दुपारी डाव रंगला होता, मी बाजूला वह्या तपासत होते. भावाकडे ७ अधिकार उरले होते, भाच्याकडे ९. भाच्यासमोर दोन तळ. एक 'बॅटल स्टेशन', म्हणजे ५ ताकदीची चौकी. तिच्यामागे 'द हाइव्ह', हाही ५ चाच, पण साधा तळ. तो दर पाळीला ३ चा मारा देतो. भावाच्या हातात चार स्काउट आणि एक 'मिसाइल मेक'. हा पत्ता भारी आहे. ६ चा मारा देतो, आणि वर वाटल्यास एक तळ थेट नष्ट करता येतो.

भाऊ म्हणाला, "मी याने तुझा हाइव्ह उडवतो."

"नाही अब्बा. चौकी उभी आहे. आधी चौकी, मग बाकीचं."

भावाने एकदा पत्त्याकडे पाहिलं, एकदा पोराकडे. "बरं. तू म्हणतोस तसं." त्याने मेकच्या त्या ताकदीने चौकी नष्ट केली आणि सहाचा मारा पोरावर. ९ चे ३ झाले.

पुढच्या पाळीला भाच्याने 'ब्लॉब फायटर' टाकला. त्याचे ३, हाइव्हचे ३. फायटर आणि हाइव्ह एकाच जातीचे म्हणून त्याला वरून पत्ते ओढायला मिळाले, त्यात व्हायपर आला. एकूण ७. बरोबर सात. पोरगा घरभर नाचला. भाऊही टाळ्या वाजवत होता, जरा जास्तच.

रात्री भाचा माझ्या खोलीत आला. हातात पुस्तिका. "फुफी, हे वाक्य मराठीत सांग."

त्याचं इंग्रजी माझ्याहून चांगलं आहे. वाक्य त्याला कळलं होतं, ते कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मी ते नीट करायचं ठरवलं आणि वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून काढले. बेस म्हणजे तळ, आउटपोस्ट म्हणजे चौकी. स्क्रॅपला भंगार, पत्ता भंगारात काढला की तो डावातून कायमचा गेला. कॉम्बॅटला मी आधी लढाई लिहिलं, मग खोडलं. खेळात तो आकडा आहे, मोजून खर्च करायची गोष्ट आहे. मारा हाच शब्द बसतो. आणि तो बसल्यावर नियम उघड दिसला. चौकी अडवते ती माऱ्याला. पत्त्यावर जिथे 'तळ नष्ट करा' लिहिलंय तिथे मारा खर्चच होत नाही, आकडा लागत नाही. ती त्या पत्त्याची स्वतःची करामत आहे आणि ती कुठल्याही तळावर चालते, पुढे चौकी असो वा नसो.

"म्हणजे अब्बा बरोबर होते."

"हो."

तो गप्प. मीही डाव पुन्हा डोळ्यांसमोर आणला, आणि मला हसू आलं. त्या हातात हे भांडण मुळात लागूच नव्हतं. भावाने सहापैकी पाच मारून आधी चौकी पाडली असती, तर भाच्याच्या नियमानेही हाइव्ह मोकळाच होता. मग मेकने तो उडवायचा आणि उरलेला एक पोरावर. क्रम बदलला की दोघांचंही खरं. मी हे सांगितल्यावर भाचा उठून थेट पडवीत गेला. भाऊ तिथे बॅगेचं वजन करत होता.

"अब्बा, तुम्हाला नियम माहीत होता?"

भावाने काटा खाली ठेवला. "होता रे. इथे यायच्या आधी महिनाभर तीच पुस्तिका वाचत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

भाऊ माझ्याकडे पाहून हसला, मी मदत करीन म्हणून. मी केली नाही. पोराचे डोळे भरले होते आणि तो रागावला होता, अगदी खरा. पाहुण्यासारखं खेळलात, असं काहीतरी म्हणाला आणि आत गेला. नंतर भाऊ मला म्हणाला, "आपा, दोन दिवसांत जायचंय. त्यात वाद कुठे घालू?" मला त्याची दया आली आणि थोडा रागही. त्याने माझ्याशीही लहानपणापासून असंच केलंय. हरतो, आणि समोरच्याला जिंकल्याचं सुखही नीट मिळत नाही.

दोन दिवसांनी तो गेला. डबी कपाटावर.

तिसऱ्या शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, जुम्मा आटपून त्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा भाच्याने माझी वही आणली. मागच्या पानावर माझ्या शब्दांच्या खाली त्याने तो अख्खा डाव लिहून ठेवला होता. ७ आणि ९, कोणासमोर काय, आठवेल तसा कोणाच्या हातात काय. म्हणाला, "तिथूनच खेळायचं. फुफी तुमचे पत्ते धरेल. मी बघणार नाही."

फोन स्टीलच्या पेल्याला टेकवून उभा केला. मी भाच्याकडे पाठ करून पत्ते फोनसमोर धरत होते आणि भाऊ नेटच्या खरखरीतून सांगत होता. "आपा, मेक टाक. पाच चौकीवर. चौकी गेली. आता हाइव्ह नष्ट. राहिलेला एक त्याच्यावर." ९ चे ८. भाच्याने दोन्ही तळ मुकाट्याने आपल्या टाकलेल्या ढिगावर ठेवले. मग फायटर टाकला, पण यावेळी त्याला जोडीदार नव्हता, वरून पत्ता ओढायला मिळाला नाही. नुसते तीन. ७ चे ४.

डाव पुढे लांबला. अम्मी दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेली. एका पाळीला भाच्याने 'ट्रेडिंग पोस्ट' मांडलं, स्वतःचा एक अधिकार वाढवला आणि एक खरेदीही मोजली.

"थांब," कुवेतहून आवाज आला. "पत्ता फोनसमोर धर."

भाच्याने धरला.

"मध्ये काय लिहिलंय? आणि की किंवा?"

भाच्याने पत्ता जवळ घेतला, पुन्हा वाचला. माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

"किंवा," तो म्हणाला.

"मग एक काहीतरी घे. दोन्ही नाही."

त्याने खरेदीचा एक कमी केला. "घेतला अधिकार. तुमची पाळी."

मी पाठ फिरवली आणि पाच पत्ते फोनसमोर धरले.