मान का झटकली?

"ताई, रविवारपर्यंत पोरगं चांगलं होतं." मुळशी तालुक्यातल्या आया मूल घेऊन येतात तेव्हा यातला वार तेवढा बदलतो. विशेष शिक्षिका म्हणून पौड-पिरंगुट परिसरात काम करताना हे वाक्य मी सगळ्यात आधी लिहून घेते. टिक्स, म्हणजे आपोआप पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली किंवा आवाज, सहसा एका रात्रीत येत नाहीत. पाच ते सात वर्षांच्या सुमारास डोळे मिचकावण्यापासून सुरुवात होते. ते थांबतं, मग नाक ओढणं येतं, पुढे मान झटकणं, खाकरणं. दहा-बारा वर्षांच्या आसपास जोर सर्वांत जास्त असतो आणि विशी येईपर्यंत बहुतेकांचा तो बराच ओसरतो. घरच्यांच्या नजरेत ते एखाद्या दिवशी भरतं, म्हणून तो दिवस पहिला वाटतो. खरोखरच अचानक आलं की हळूहळू आलेलं त्या दिवशी दिसलं, हे आधी शोधावं लागतं.

त्यासाठी शाळेच्या वहीइतका भरवशाचा साक्षीदार नाही, कारण तिच्यावर तारखा असतात. तिसरीतल्या एका मुलाची वही माझ्यासमोर होती. भात पिकवणारं घर, दारात दोन म्हशी. जूनमधली पानं नीट, अक्षर ओळीला धरून, वेलांट्या गोल. जुलैच्या मध्यावर एका पानापासून अक्षर दुप्पट मोठं झालं होतं, ओळ सोडून खाली घसरलं होतं, आणि खोडून खोडून एका जागी कागद फाटला होता. त्याच आठवड्यात तो आईला एकटीला गोठ्यात जाऊ देईना. लघवीला पुन्हा पुन्हा जायचा. "मी हात धुतले ना?" हे दिवसभर. डोळे मिचकावणं आणि खाकरणंही तेव्हाचंच. त्याच्या आधी काय झालं होतं, असं विचारल्यावर आई थोडा वेळ आठवत राहिली. लावणीची घाई होती, त्याचा घसा दुखत होता, ताप होता, दुकानातून गोळी आणून दिली, उतरला.

अशा वेळी मी मुलाला माझी दोन बोटं घट्ट धरायला सांगते. सिडनहॅम कोरिया, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर होणारा अनैच्छिक हालचालींचा आजार, असेल तर मूठ एकसारखी राहत नाही, धार काढताना आवळते-सुटते तशी होते. डॉक्टरांनी त्या खुणेला नावच गवळणीच्या मुठीवरून दिलंय. त्याची मूठ घट्ट राहिली. तरीही मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण निदान करणं माझं काम नाही आणि घशाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूला हलक्यात घेऊन चालत नाही. त्यातून संधिवाताचा ताप येऊ शकतो, हृदयाच्या झडपा बिघडू शकतात, आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. आपल्याकडे हा आजार अजून गेलेला नाही. शाळाशाळांतून मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा हृदयविकार आहे, तो उगाच नाही.

घशाच्या या संसर्गानंतर अचानक टिक्स आणि मंत्रचळ सुरू झालेल्या ५० मुलांचं वर्णन अमेरिकेत सुझन स्वीडो यांनी १९९८ मध्ये केलं. अशी मुलं किती आणि त्यांच्यावर उपचार कोणते, यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. मी पालकांपुढे तो वाद मांडत नाही. तारखा लिहिलेला एक कागद आणि वहीची ती दोन पानं डॉक्टरांकडे जातील एवढं पाहते. इंटरनेटवरचे अर्धवट व्हिडिओ बघून घाबरलेल्या घराला त्या कागदाचा आधार फार होतो.

या मुलाचं हृदय ठीक निघालं. अक्षर काही आठवड्यांत सावरलं. टिक्स आणि भीती मात्र राहिली, कमी-जास्त होत. आणि मूळचं वेगळेपण होतंच: बोलायला चौथं वर्ष लागलं होतं, मोठा आवाज पाळण्यात असल्यापासून सोसत नव्हता.

खरं कसब यापुढे लागतं, आणि ते आईबापांना लागतं. टिक, भीती आणि मुळातलं वेगळेपण, या तिन्हींशी वागायच्या रीती एकमेकींच्या उलट आहेत.

टिकबद्दल बोलायचं नाही. "डोळं नको मारूस" असं आजी मायेनं म्हणते, वडील दरडावतात, शेजारीण दृष्ट काढायला सांगते, कुणी मनगटाला दोरा बांधतं. प्रत्येक वेळी मुलाचं लक्ष त्या स्नायूकडे जातं आणि टिक वाढते. त्यात मूल ती थोडा वेळ दाबून धरू शकतं. म्हणून गुरुजी म्हणतात वर्गात तर करत नाही, आणि घरी आल्यावर दिवसभराचं सगळं बाहेर पडतं. घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतोय. मुद्दाम नसतं. जरा मोठ्या मुलांना विचारलं तर ती सांगतात, आधी मानेत आतून काहीतरी दाटतं, झटकलं की सुटतं. ही आधीची ओढ ओळखून त्या क्षणी उलट हालचाल करायला शिकवता येतं. खाकरण्याच्या जागी तोंड मिटून नाकानं सावकाश श्वास, खांदा उडण्याच्या जागी तो खाली दाबून धरणं. ९ ते १७ वर्षांच्या १२६ मुलांवरचा याचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना हे शिकवलं त्यांतल्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना चांगला फरक पडला. हे शिकवणं मुलाला हवं असेल तेव्हाच. आईला लाज वाटते म्हणून नाही.

भीतीपुढे मात्र गप्प बसून भागत नाही. भीती हळूच सगळं घर आपल्याभोवती मांडून घेते. आई गोठ्यात जाणं टाळते, रात्री हात धरून झोपते, "हो रे, धुतलेस" म्हणत राहते. प्रत्येक उत्तरानं मिनिटभर बरं वाटतं आणि पुढचा प्रश्न तयार होतो. येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी फक्त पालकांसोबत काम करून मुलांची चिंता कमी करून दाखवली, ते याच जागी बोट ठेवून. आम्ही ठरवलं, आईनं शांत वेळी, चहा पिताना त्याला सांगायचं: "भ्या वाटतं मला ठावं हाय. तुला ते सोसंल. मी एकदा सांगीन, दुसऱ्यांदा नाही." पहिले काही दिवस फार रडारड झाली. ती डगमगली नाही.

आणि वेगळेपणाला ना दुर्लक्ष चालतं, ना नेट लावणं. तिथं व्यवस्था बदलायची. आवाज कमी करायचा, शर्टाचं टोचणारं लेबल कापायचं, उद्या काय होणार हे आज सांगायचं. ते बरं होण्याची वाट बघत बसण्यात मुलाची वर्षं जातात. "आमच्यामागं याचं कसं?" हा प्रश्न आईबाप लवकरच विचारतात. त्यातल्या काहींना मी याच तालुक्यात, कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज बघून यायला सांगते. बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं तिथं घरासारखी एकत्र राहतात, कामं करतात.

अडचण अशी की मूल तिन्ही गोष्टी एकाच अंगानं करतं. गणपतीत हा मुलगा आरती सुरू झाली की कान झाकून, मान झटकत बाहेर पळायचा. घरात तीन मतं होती, आणि आईला "तुझ्या लाडानं झालं" हे ऐकावं लागत होतंच. हे वाक्य मी जिथं ऐकते तिथं मध्येच थांबवते. आईच्या लाडानं टिक्स होत नाहीत. जॉर्ज जिल द ला तूरेत यांनी १८८५ मध्ये नऊ रुग्णांचं वर्णन केलं, ते मज्जासंस्थेचा विकार म्हणूनच.

मी तिला वहीत तीन रकाने आखून दिले: आधी काय, मग काय, नंतर काय. लिहायचं, पण त्याच्यासमोर वही उघडायची नाही आणि टक लावून बघायचं नाही. टिक असेल तर आवडतं कार्टून बघतानाही येईल. भीती असेल तर आरतीच्या तासभर आधीपासून प्रश्न सुरू होतील. आवाज असेल तर आवाज थांबताच थांबेल. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईनं जे टिपलं ते एखाद्या तज्ज्ञाच्या तोडीचं होतं: चुलत्याकडे झांजा नव्हत्या, तिथं तो शेवटपर्यंत उभा राहिला, मान मात्र झटकत होता.

म्हणून झांजा ओट्यावर गेल्या आणि मानेबद्दल कुणी बोललं नाही. प्रसादाआधी "मी हात धुतले ना?" आलं, त्याला एकदाच उत्तर मिळालं. गुरुजींसाठी मी याच तीन रकान्यांवरून एक पानभर लिहून दिलं. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, टिक्सचं वेगळं नाव नाही, त्यामुळे वर्गात ते समजावून सांगणं शेवटी आपल्याच अंगावर येतं. गुरुजींनी टिक्स असलेल्या शिक्षिकेवरचा 'हिचकी' हा चित्रपट पाहिला होता, मला फार बोलावं लागलं नाही.

सध्या वहीत नवा प्रश्न आहे. केस कापायला बसला की मान झटकतो. ती ओढ आहे, न्हाव्याची भीती आहे, की कानाजवळची मशीन? येत्या खेपेला न्हावी मशीन बंद ठेवून नुसत्या कात्रीनं कापणार आहे. आई बाकावर बसून लिहील.