काढलेला भाग दाखवा

सर्व्हिसिंगचा अंदाज ४,५०० रुपयांचा मिळतो आणि दुपारी फोन येतो, "अक्का, अजून ९,००० चं काम निघालंय." आमच्या बेळगावात हे आता अंगवळणी पडलंय. पण त्या ९,००० मधलं सगळंच खोटं नसतं, खरी अडचण तीच.

मी ब्रेक पॅड काढून समोर ठेवायला सांगितले. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. माझा ३ च्या आत आला होता. लेक पणजीला, म्हणजे चोर्ल्याचा घाट उतरणं आलंच. तिथं काटकसर चालत नाही. पॅड बदलले.

इंजिन फ्लश मात्र खोडला. गाडीच्या पुस्तकात तो कुठंच नव्हता. "नाही केलं तर इंजिन जाईल, अक्का," पोरगा म्हणाला.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे अतिचार सांगितलेत. त्यात खोटं माप आहे, अस्सल म्हणून नकली माल देणंही आहे. भीती घालून विकणं त्यात नाही, पण मला ते त्याच पंगतीतलं वाटतं. बिल वाढलं तर वाढू दे. काढलेला भाग आधी डोळ्यांनी बघायचा, मग पैसे मोजायचे.