तीन चुली, एक सोऱ्या

नाताळच्या फराळाचे ताट पाहून घरातील गृहिणीचा हात ओळखावा, असे आमच्या वसईत जुनी माणसे म्हणत. करंजीची मुरड, शंकरपाळीचा काप, कलकलावर फणीने उठवलेले वळ, यांत प्रत्येकीची खूण असे. या ताटात बटर बिस्किटे आली ती मात्र साच्यातून. त्यांच्यावर कोणा एकीची खूण उमटत नाही. आम्हा तिघी जावांना त्यांचे मोल वाटते ते नेमके याच कारणाने.

हा साचा आमच्या घरी १९८६ साली जर्मनीहून आला. नात्यातील एक धर्मभगिनी तेथे रुग्णसेवेत होत्या. सुट्टीवर येताना त्यांनी तो आणला. जर्मनीत आगमनकाळ लागला की घरोघर अशी बिस्किटे भाजली जातात. ‘श्प्रित्स्गेबेक’ हे त्यांचे नाव. ‘श्प्रित्सेन’ म्हणजे पिचकारीसारखे दाबून बाहेर सोडणे. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क या देशांतही हीच रीत आहे. आखातातून परतणाऱ्यांच्या सामानात डेन्मार्कच्या बिस्किटांचा निळा डबा असतो, त्यातील खाचांची गोल कडी याच जातीची.

सासूबाईंनी साचा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि त्या म्हणाल्या, “हा तर आपला सोऱ्याच की!” खरेच होते ते. तीच नळी, तोच दट्ट्या, तशीच तळाला चकती. फरक इतकाच, की आमच्या चकलीच्या चकतीला एक चांदणी, तर याच्या डब्यात तारा, फूल, झाड, कडे अशा बारा चकत्या.

कृती साधी आहे, पण ती घाई सोसत नाही. २०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम पिठीसाखर, २५० ग्रॅम मैदा, एका अंड्याचा बलक आणि थोडे व्हॅनिला. बटर मऊ असावे, वितळलेले नसावे. वितळले की पीठ सैल पडते आणि भट्टीत तारा पसरून त्याची नुसती चकती होते. फार थंड राहिले तर दट्ट्या हलत नाही. घरच्या लोण्यात पाण्याचा अंश अधिक, म्हणून येथे ते चालत नाही. जाड साखर विरघळताना पीठ पसरवते, म्हणून पिठीसाखर. सोडा अथवा बेकिंग पावडर मुळीच नको. फुगले की आकार गेला. पत्र्याला तूपही लावू नये, कागदही घालू नये. सोऱ्या पत्र्यावर उभा टेकवून दाबावा आणि पीठ पत्र्याला धरले की अलगद वर उचलावा. पत्रा गरम असेल तर पीठ चिकटण्याऐवजी ओघळते. म्हणून दोन पत्रे आळीपाळीने वापरावेत. १८० अंशांवर दहा-बारा मिनिटांत कडा सोनेरी होतात. पहिले दोन-चार आकार मनासारखे उतरत नाहीत. ते पीठ गोळा करून पुन्हा नळीत भरावे. त्यातले काही वाया जात नाही.

१९९४ साली घराची वाटणी झाली. भिंती उभ्या राहिल्या, एका चुलीच्या तीन चुली झाल्या. भांडीकुंडी, माळ्यावरचे सामान, अंगणातली झाडे, सगळ्याचे तीन भाग पडले. सोऱ्या तेवढा उरला. सासूबाईंनी त्याचीही वाटणी केली: नळी आणि दट्ट्या थोरलीकडे, चकत्यांचा डबा मधलीकडे, आणि भट्टी व पत्रे धाकटीकडे. तेव्हा आम्हांला ही वाटणी विचित्र वाटली. सासूबाईंनी तिचा खुलासा केला नाही.

पुढे वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांत अबोला धरला गेला. चार वर्षे तो टिकला. लग्नकार्यातही दोघे दोन टोकांना बसत. परंतु डिसेंबर उजाडला की चकत्या मागायला एखादे मूल या दारातून त्या दारात जाई आणि परत येताना निरोप आणी, “काकी विचारते, पीठ कधी मळायचे?” नळी एकीकडे, चकत्या दुसरीकडे आणि आग तिसरीकडे, न बोलून आम्हांला भागतच नव्हते. आम्ही धाकटीच्या ओसरीवर बसून पत्रे भरत होतो आणि पुरुषमंडळी अंगणात उभी राहून वास घेत होती. अबोला बिस्किटांनी मोडला असे आम्ही म्हणणार नाही. तो एका आजारपणात, रात्री मदतीला धावावे लागले तेव्हा मोडला. मात्र त्या रात्री दार ठोठावण्याइतकी वाट दोन घरांत शिल्लक होती, आणि ती वाट डिसेंबरात आमच्या पायांनी राखलेली होती.

सासूबाई २००९ साली देवाघरी गेल्या. थोरलीच्या बोटांत आता संधिवात आहे. दट्ट्या तिची सून दाबते. विजेवर चालणारे साचे बाजारात मिळतात. मुले म्हणतात, प्रत्येकीला एकेक घेऊन देतो, कशाला ही ने-आण? त्यांची माया आम्हांला कळते. तरी आम्ही नको म्हणतो.

आता प्रश्न आहे तो आमच्यामागे काय, हा. घरात तीन सुना आल्या आहेत; एक नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहते. नळी कोणाची, चकत्या कोणाच्या, भट्टी कोणाची, हे ठरवायचे आहे. यंदाच्या आगमनकाळात तिघींना एकत्र बोलावून पीठ त्यांच्या हाती द्यावे आणि आपण बाजूला बसावे, असे आमच्या मनात आहे. खुलासा आम्हीही करणार नाही.