एका ‘डी’चा खाडा

आमच्या बाबांना इंग्रजी येत नव्हते. पण तीन इंग्रजी शब्द त्यांच्या रोजच्या ओळखीचे होते. खामगावच्या ज्या जिनात ते हमाली करीत, त्याच्या फाटकावरच्या पाटीवर ते रंगवलेले होते. कॉटन, जिनिंग आणि प्रेसिंग. खामगाव कापसाचे गाव. जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा १८७० साली आला, तोही कापसासाठीच.

मी पाचवीत गेले आणि माझे इंग्रजी सुरू झाले. मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले, तोवर ते पाचवीतच सुरू होई. दुपारी बाबांचा डबा घेऊन गेले की मी फाटकाशी उभी राहून पाटीची अक्षरे लावीत बसे. एकदा बाबा म्हणाले, “पोरी, ह्या तिन्ही शबदात एक एक अक्षर जोडीनं कायले लिवलं वं? पेंटरची चुकी झाली काय?”

बाबांची नजर बरोबर होती. कॉटनमध्ये डबल टी, जिनिंगमध्ये डबल एन, प्रेसिंगमध्ये डबल एस. मी शाळेत विचारले. “पाठ करा, प्रश्न विचारू नका,” एवढेच उत्तर मिळाले. मीही पाठ केले आणि विसरून गेले.

त्या डबल अक्षराची किंमत कळली ती १९९२ साली. दोन वर्षांपूर्वी, १९९० साली, संसदेने दुरुस्ती करून बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीत सामावून घेतले होते. धाकट्या भावाने पहिल्यांदाच केंद्राच्या नोकरीचा अर्ज भरायला घेतला. जातीचा दाखला एका कार्यालयातून मिळाला. त्यावर ‘बुद्धिस्ट’ या शब्दात टाइप करणाऱ्याने एकच डी मारला होता. आमच्यापैकी कोणाच्याच ते लक्षात आले नाही. पुढच्या टेबलावरच्या साहेबांच्या मात्र लगेच आले. “इतर कागदांशी जुळत नाही, दुरुस्त करून आणा.”

चूक त्यांची, हेलपाटे आमचे! बाबांनी दोन दिवस खाडा केला. दोन दिवसांची मजुरी गेली. दुरुस्त दाखला तिसऱ्या दिवशी हाती आला, तेव्हा अर्जाची मुदत संपून गेली होती. भाऊ भिंतीकडे तोंड करून निजला. बाबा मला म्हणाले, “एक डी कमी झाला तं आपन बौद्ध राह्यलो नाई काय?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी डबल अक्षरांच्या मागे लागले. जे हाती लागले ते साधे आहे, म्हणून माझ्या बहिणींना आणि त्यांच्या लेकरांना सांगते.

इंग्रजीत डबल अक्षर बहुधा एकदाच उच्चारले जाते. मग दुसरे कशाला? ते आधीच्या स्वराला आखूड ठेवते. ‘होपिंग’ म्हणजे आशा करणे, त्यात पी एक. ‘हॉपिंग’ म्हणजे लंगडी घालणे, त्यात पी दोन. आशा आणि लंगडी यांत एका पीचा फरक! जिन, कट, रन, स्टॉप अशा छोट्या शब्दांत शेवटी एक व्यंजन आणि त्याआधी एकच आखूड स्वर असतो. त्यांना ‘इंग’ लागताना शेवटचे अक्षर डबल होते. म्हणून जिनमध्ये एन एक, पण जिनिंगमध्ये डबल एन. प्रेसमध्ये एस मुळातच दोन आहेत. पेंटरची चुकी नव्हती, बाबा.

दुसरी गोष्ट. काही डबल अक्षरे लॅटिन या जुन्या भाषेतून आली. तिथे ‘अॅड’ हा उपसर्ग लागला की त्यातला डी बहुतेक वेळा पुढच्या अक्षराचे रूप घेई. ‘निहिल’ म्हणजे काहीच नाही. त्याला ‘अॅड’ लागून डबल एन झाला आणि ‘अॅनिहिलेशन’ हा शब्द आला. अर्थ, समूळ नाश. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये तोच शब्द वापरला. ज्या लाहोरच्या परिषदेसाठी ते भाषण लिहिले ती परिषद झालीच नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः छापून लोकांपुढे ठेवले.

आणि हीच रीत आपल्या पालीतही आहे! संस्कृतात धर्म, पालीत धम्म. तिकडे कर्म, इकडे कम्म. तिकडे निर्वाण, इकडे निब्बान. वेगळी दोन अक्षरे शेजारी आली की एकसारखी होतात. फरक एवढाच की पालीत दोन्ही अक्षरे उच्चारायची असतात. वंदना म्हणताना ‘धम्म’वर ओठ क्षणभर मिटून राहतात, ते याचमुळे. १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर, बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ निघाला. त्याच्या नावात डबल डी आहे आणि डबल एमही आहे.

आता तो ‘डी’. बुद्ध या शब्दातला ‘द्ध’ म्हणजे अर्धा द आणि पूर्ण ध. अर्ध्या दचा एक डी, धचा डी-एच. म्हणून डी दोन. एक गाळला तर उरतो ‘बुध’. बुद्धाचा बुधवार होतो! मुलांना एवढे सांगितले की ती हसतात आणि पुन्हा चुकत नाहीत.

भाऊ नंतर दुसऱ्या नोकरीला लागला, संसाराला लागला. पण तो अर्ज गेला तो गेलाच. बाबांनी मात्र एक केले. माझ्याकडून पाटीवर ‘बुद्धिस्ट’ लिहून घेतले आणि रात्री चिमणीच्या उजेडात गिरवून गिरवून तो चौथा शब्द शिकले. पुढे घरात कोणताही दाखला आला की आधी त्यांच्या हातात द्यायचा. बोट ठेवून ते दोन डी मोजत, मगच कागद पेटीत जाई.

आज बाबा नाहीत. रविवारी वस्तीतल्या विहारात मी मुलांकडून असे शब्द लिहून घेते. परवा विहाराच्या कमिटीचे लेटरपॅड छापायचे होते. ‘कमिटी’त तर एम दोन, टी दोन, ई दोन! सातवीतल्या एका मुलीने कच्चा कागद तपासला आणि म्हणाली, “मावशी, यात टी एकच हाय.” कागद प्रेसवाल्याकडे परत गेला.

बहिणींनो, दाखला हातात पडला की खिडकीवरून हलू नका. नाव, आडनाव, जात, धम्म आणि जन्मतारीख अक्षर अक्षर वाचा. वाचता येत नसेल तर लेकराला सोबत न्या. मागे रांग ओरडली तरी ओरडू द्या.

जयभीम!